दिंडीच्या ट्रकलाही वीज, पाणी आणि निचऱ्याची जागा हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आषाढीच्या नियोजन बैठकांच्या बातम्या येऊ लागल्या आहेत. रस्ते, टँकर, आरोग्य पथके, फिरती शौचालये यांवर दरवर्षी बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण दिंडीबरोबर जी गाडी चालते तिचे काय? तो ट्रक, टेम्पो किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली मुक्कामी कुठे उभी राहते, तिला वीज कुठून येते, टाकीत पाणी कुठले भरतात, भांड्यांचे खरकटे पाणी कुठे सोडतात? दिंडीचे स्वयंपाकघर, कोठार आणि म्हाताऱ्या माणसांची झोपायची जागा, सगळे त्या एका गाडीत असते. तरी गाडी म्हटले की आपल्याकडे फक्त ‘वाहतुकीला अडथळा’ एवढाच विषय निघतो.

मी सोलापुरात पस्तीस वर्षे वायरमनचे काम केले. लग्नाचे मांडव, गणपती, गड्डा यात्रेचे स्टॉल अशी तात्पुरत्या कनेक्शनची कामे जास्त. माझ्या मावशीच्या गावची दिंडी अक्कलकोट तालुक्यातून निघते. तिच्या ट्रकची लाइट बघायला मी अनेक वर्षे बरोबर जात होतो.

एका वर्षी वाटेतल्या एका मुक्कामी मी संध्याकाळी उशिरा पोहोचलो. पाऊस झिमझिम चालू होता. माझी वाट न बघता पोरांनी जवळच्या बोर्डावरून वायर ओढून ट्रकमध्ये दोन बल्ब लावले होते. साधी दोन पदरी वायर, अर्थिंग नाही, मध्ये टेप गुंडाळलेला जोड. ट्रकचा फाळका, म्हणजे मागचे खाली पडणारे दार, पाडताना ती वायर बिजागरीत चेपली आणि आतली तांब्याची तार ट्रकच्या पत्र्याला लागली. बल्ब मात्र छान चालू होते, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आले नाही. मावशी पिठाचा डबा घ्यायला गेली आणि ओला हात फाळक्याला लागला. ती मागे फेकली गेली म्हणून वाचली. हात चिकटून राहिला असता तर हे पत्र मला वेगळ्या शब्दांत लिहावे लागले असते. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना पुढे महिनाभर मुंग्या येत होत्या, भाकरी थापता येत नव्हती.

ट्रक रबरी टायरवर उभा असतो. बॉडीत करंट उतरला तरी त्याला जमिनीत जायला वाट नसते. तो पत्र्यातच थांबून राहतो आणि ओल्या जमिनीवर उभे राहून जो पहिला हात लावेल त्याच्या अंगातून जातो. पुष्कळ जण म्हणतात, एक पहार ठोका आणि ट्रकला वायर बांधा, झाले अर्थिंग. तसे होत नाही. पहारेचा रोध २० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्यातून साडेअकरा अँपिअर जातील. १६ अँपिअरची एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, त्याने पडणारच नाही आणि ट्रक जिवंतच राहील. त्याला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबीच लागते. आपले मिस्त्री तिला सवयीने ईएलसीबी म्हणतात. गळती झाली की ती डोळ्याचे पाते लवायच्या आत लाइन तोडते.

ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही. तिला पुन्हा धार आली ती मुलीकडे अमेरिकेला गेलो तेव्हा. ती मिशिगन राज्यात ॲन आर्बरला असते. गाव आपल्या सोलापूरपेक्षा पुष्कळ लहान, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. पण तिथल्या विद्यापीठाचे फुटबॉलचे स्टेडियम १ लाख ७ हजार ६०१ माणसांचे आहे, १९२७ साली बांधलेले. हा फुटबॉल आपल्याला माहीत असलेला नव्हे, अंडाकृती चेंडू हातात धरून पळतात तो. हंगामात शनिवारी सामने होतात आणि घरच्या मैदानावर सात-आठच असतात. सामन्याच्या दिवशी जवळजवळ गावाच्या वस्तीइतकी माणसे एका वाटीत बसतात.

त्यातले पुष्कळ लोक शुक्रवारीच घरासारख्या गाड्या घेऊन येतात. तिकडे त्यांना आरव्ही म्हणतात. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास सगळे. मुलीच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांकडे अशी गाडी आहे. त्यांनी आम्हा दोघांना आग्रहाने बरोबर नेले. बायकोने शेंगा चटणी आणि कडक भाकऱ्या बांधून घेतल्या.

शुक्रवारची रात्र आम्ही गावाबाहेरच्या एका कॅम्पग्राउंडवर काढली. प्रत्येक गाडीला नंबर घातलेली जागा आणि जागेशेजारी कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी खांब. त्यावर झाकणाची पेटी. मी आधी तिथेच गेलो. पेटीत ३० अँपिअरचे तीन पिनचे सॉकेट, ५० अँपिअरचे चार पिनचे सॉकेट आणि दोन्हीला स्वतंत्र ब्रेकर होते. खाली पिण्याच्या पाण्याचा नळ आणि बाजूला जमिनीलगत सांडपाण्याच्या पाइपाचे तोंड. या तिन्ही जोडण्या मिळाल्या की तिकडे ‘फुल हुकअप’ म्हणतात.

त्या गृहस्थांनी आधी ब्रेकर खाली पाडला. मग गाडीची केबल न लावता एक लहान डबीसारखे यंत्र सॉकेटात बसवले आणि ब्रेकर वर केला. डबीवरचे दिवे सांगतात की फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, अर्थ तुटलेला आहे का. त्या खांबावर अर्थ नसल्याचा दिवा लागला. त्यांनी ब्रेकर पाडला, डबी काढली, ऑफिसात जाऊन सांगितले आणि गाडी दोन जागा पलीकडे नेली. बाचाबाची नाही, ‘एका रात्रीने काय होतंय’ नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, अर्थ नसेल आणि आत कुठे वायर सोलली गेली, तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरतो. मला मावशीचा हात आठवला. मी त्यांना फाळक्याची ती गोष्ट सांगितली, मुलीने इंग्रजीत करून दिली, आणि ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

आता वायरमन म्हणून एक हिशेब मांडतो, कारण ‘ते श्रीमंत, त्यांना परवडते’ असे लगेच म्हटले जाते. त्यांचे ३० अँपिअरचे सॉकेट १२० व्होल्टवर चालते, म्हणजे ३,६०० वॉट. आपल्या घरात गीझरला असते ते १६ अँपिअरचे सॉकेट २३० व्होल्टवर ३,६८० वॉट देते. म्हणजे त्यांच्या तेवढ्या मोठ्या गाडीला जो लोड मिळतो तो आपल्याकडच्या गीझरच्या पॉइंटवर मिळतो. दिंडीच्या ट्रकला तेवढाही लागत नाही. ९ वॉटचे वीस एलईडी धरले तर १८० वॉट, पन्नास मोबाइल एकदम चार्जिंगला लावले तरी आणखी पाचेकशे, एक माइकचा संच, झाले. हजार वॉटच्या आतबाहेर सगळी दिंडी उजळते. अडचण विजेची नाहीच. तिला नीट पोहोचवणारा एक खांब आपण उभा करत नाही, ही अडचण आहे.

शनिवारी पहाटेच गाडी स्टेडियमजवळच्या मैदानात नेली. तिथे कुठलीही जोडणी नव्हती. टाकीतले पाणी आणि जनरेटर यांवर दिवस काढायचा. स्टेडियमसमोर पायोनियर हायस्कूल आहे. सामन्याच्या दिवशी तिथली जागाही पैसे घेऊन गाड्यांना देतात. जिकडे बघावे तिकडे गाड्यांच्या मागची दारे उघडी, टेबले मांडलेली, शेगड्या पेटलेल्या, ओळखीचा-अनोळखी असा भेद न करता ताट पुढे करणारी माणसे. या प्रकाराला ते टेलगेटिंग म्हणतात. टेलगेट म्हणजे आपला फाळका! हे कळले तेव्हा मला इतके बरे वाटले. फाळका पाडून पंगत बसवणे आपल्या दिंड्या किती पिढ्या करत आल्या आहेत.

रविवारी घरी जाण्याआधी टाक्या रिकाम्या करायच्या ठिकाणी थांबलो. गाडीखाली दोन टाक्या असतात, एक संडासाची आणि एक मोरी-बेसिनच्या पाण्याची. हातमोजे घालून जाड पाइप जोडतात, आधी संडासाची टाकी सोडतात आणि मागून मोरीची, म्हणजे त्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो. पाइपाच्या तोंडाशी पारदर्शक एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, होता. त्यातून स्वच्छ पाणी दिसेपर्यंत ते गृहस्थ वाकून बघत राहिले. पाइप धुण्याचा तिथला नळ वेगळा आणि त्यावर ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी. पिण्याच्या पाण्याचा पाइप पांढरा, तो वेगळ्या कप्प्यात ठेवतात, दुसऱ्या पाइपाला टेकूसुद्धा देत नाहीत.

कुणी म्हणेल, खेळाच्या जत्रेची आणि वारीची तुलना कशी करता? मी भक्तीची तुलना करत नाही. पायी चालून आलेल्या माणसाची बरोबरी कशाशीच होत नाही, आणि म्हणूनच त्याच्या गाडीला त्या खेळवाल्यांपेक्षा कमी मिळू नये. शिवाय आपल्याकडे हे अगदी नवीन नाही. पंढरपुरात ६५ एकरात दिंड्यांना प्लॉट देतात, तिथे पाणी, वीज, शौचालये असतात. ते काम पाहून मला समाधान वाटते. माझे म्हणणे एवढेच की हा विचार वाटेवरच्या मुक्कामांपर्यंत आणि गाडीच्या फाळक्यापर्यंत यावा.

सुरुवात सोलापूर शहरातून करावी. मराठवाड्यातून तुळजापूरमार्गे येणाऱ्या दिंड्या, शेगावची गजानन महाराजांची पालखी, कर्नाटक-तेलंगणातून येणारे वारकरी, कितीतरी लोक आपल्या शहरातून जातात. तुळजापूर नाक्याच्या बाजूला एक आणि मंगळवेढा रस्त्याच्या बाजूला एक अशा दोन मोकळ्या जागा ठरवाव्यात. दर दोन गाड्यांमध्ये कमरेएवढा एक खांब. त्यावर पावसाचे पाणी शिरणार नाही अशी पेटी, आत दोन १६ अँपिअरची मेटलक्लॅड सॉकेट, प्रत्येकाला आपली एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी. एकाच्या ट्रकमध्ये दोष निघाला तर त्याचीच लाइन जावी, सगळ्या मैदानात अंधार होऊ नये. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना मोजावा; तेव्हा आकडा बरा आला तर पावसात तो बिघडत नाही. आणि गाडीपर्यंतची केबल तीन पदरी असेल तरच जोडणी द्यावी. ज्याच्याकडे ती नाही त्याला तिथेच रात्रीपुरती द्यावी. त्याला परत पाठवले तर तो शंभर पावलांवर जाऊन आकडा टाकणार, हे मी अनुभवाने सांगतो.

पाण्याचे नळ दोन ठिकाणी, एकमेकांपासून लांब. एक पिण्याचा, एक भांडी-कपड्यांचा, आणि दोन्हीवर मोठ्या अक्षरांत मराठी, कन्नड, तेलुगूत पाट्या. आपल्या शहरात नळाला दिवसाआड पाणी आले तरी लोक नशीब समजतात, तेव्हा टँकरने भरायची टाकी उंचावर बांधणे आलेच. खरकटे पाणी आज सरळ गाडीखाली सोडतात आणि सकाळी त्याच चिखलात बायका चुली मांडतात. जाळी लावलेले एक चेंबर ड्रेनेजला जोडले तर हे थांबेल. फिरत्या शौचालयांच्या टाक्या उपसायलाही तीच जागा कामाला येईल, मात्र ती पिण्याच्या नळापासून दूरच हवी.

गाड्या उभ्या करायला फक्कीने आखलेले आणि नंबर घातलेले चौकोन पुरेत. तोंड रस्त्याकडे, आणि दोन रांगांत रुग्णवाहिका जाईल एवढी वाट मोकळी.

ही सोय आषाढीपुरती राहणार नाही. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांच्या मदतीच्या गाड्या तिथे थांबू शकतील. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेला पाळणेवाले, खेळणीवाले ट्रक घेऊन येतात. त्यांची लहान मुले जनरेटरच्या धुरात, त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर झोपलेली मी पाहिली आहेत. त्यांच्याही गाड्यांना अशी जागा मिळावी. व्यापाऱ्यांकडून भाडे घ्यायला हरकत नाही. दिंडीकडून एक पैसाही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्याकडे अर्थ टेस्टर आहे आणि हात अजून स्थिर आहेत. ज्या शाळांच्या, मंगल कार्यालयांच्या आवारात यंदा दिंड्यांच्या गाड्या थांबणार आहेत, त्यांनी आपल्या पत्रामार्फत निरोप द्यावा. मी स्वतः येऊन बोर्ड आणि अर्थिंग तपासून देईन, मोबदला नको. मावशी यंदा ७८ वर्षांची आहे आणि ट्रकबरोबर येणारच म्हणते. तिच्या दिंडीचा शहरातला मुक्काम मी पहिला तपासणार आहे.

आपला,
एक निवृत्त वायरमन,
बाळीवेस, सोलापूर