निवारा केंद्रातले कुत्रे घरी न्या

महोदय,

भाड्याचे घर सोडताना लॅब्राडॉर रस्त्यावर सोडून जाणारे गोव्यात कमी नाहीत. गळ्यात पट्टा तसाच, अंगभर गोचिडी, आणि वाड्यावरची कुत्री त्याला उष्ट्यालाही फिरकू देत नाहीत. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार दयामरण फक्त असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्याला, तेही पशुवैद्याकडूनच. पण खच्चून भरलेल्या निवारा केंद्रात पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची साथ आली की धडधाकट पिल्लूही त्या यादीत जाते. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी उपाशी टाकून देणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड किती? जास्तीत जास्त ५० रुपये! म्हापशाच्या बाजारात एवढ्यात धड बांगडेही मिळत नाहीत. दंड वाढवाच, पण पिल्लू विकत घेण्याआधी जवळच्या केंद्रात एक फेरी मारा. नसबंदी झालेली, माणसाळलेली मोठी कुत्री तिथे घराची वाट पाहत असतात.

– एक वाचक, म्हापसा