पदरचे पैसे घालून कोळसा मारणारे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी पूर्णा रेल्वे शेडचा जुना फायरमन, म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा मारणारा. मीटरगेजच्या वायपी, वायजी इंजिनांवर जवानी काळी केली. नातू वेल्समध्ये कॉम्प्युटरवर काम करतो आणि सुट्टीत टॅलिलिन रेल्वेवर बिनपगारी फायरमन होतो! दोन रुळांत सव्वादोन फूट अंतर (गेज) असलेली ही लाईन १९५१ पासून स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. "तुम्ही पगार घेऊन काळे झालात, हा पदरचे घालून होतोय," असं आमची मंडळी म्हणते.

यंदा त्याच्याबरोबर पहाटे शेडात गेलो. राख काढली, बॉयलरच्या ट्यूबा झाडल्या, तेलकट चिंध्या नि लाकडांवर आग धरवली. वाफ तयार व्हायला काही तास गेले. तेवढ्यात त्याने सांध्यासांध्यात तेल घातलं. पण गडी पहिलंच फावडं गच्च भरून मारायला लागला, वर काळा धूर! म्हटलं, लेकरा, थोडं थोडं पण सारखं मार, आणि नजर बॉयलरातलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर ठेव. पाणी उतरून फायरबॉक्सचं, म्हणजे आगीच्या पेटीचं, छत उघडं पडलं की खेळ खलास.

आपल्याकडे बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली होती. आता तिथं ब्रॉडगेज आहे, तक्रार नाही. पण दोन किलोमीटर जुना रूळ आणि एक चालतं इंजिन मराठवाड्यात का नसावं? शिकवायला आम्ही म्हातारे अजून आहोत. मी फुकट येतो, फक्त पहाटे चारला चहा लागेल.

– एक निवृत्त फायरमन, पूर्णा (जि. परभणी)