भट्टीच्या सेठची गाडी दिवाळीत येते, वसतिगृहाची मंजुरी त्याच्या आधी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आदिवासी मुलांच्या गळतीचा विषय निघाला की लोक पटकन बोलून मोकळे होतात की यांच्या आईबापालाच शिक्षणाची किंमत नाही. आमच्या सुधागड तालुक्यात कातकरी वाड्या भरपूर आहेत, लहानपणापासून बघतोय, आणि हे बोलणं मला अजिबात पटत नाही. जूनमध्ये हीच मुलं शाळेत असतात ना, मग दिवाळीनंतर जातात कुठे? तर आईबापाबरोबर वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर, ती पाऊस तोंडावर आला की परत. हजेरीपटावर नाव असतं, पोर नसतं.

मूळ सगळं पावसाळ्यात आहे. लावणी उरकली की वाडीत हाताला काम नाही, घरातला तांदूळ संपलेला, त्यात कोणी आजारी पडलं की भट्टीच्या सेठकडून उचल घ्यायची आणि मग ती फेडायला अख्ख्या कुटुंबाने जायचं. उचलीपायी माणसाला बांधून ठेवणं 1976 च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे, पण हिशोबाची वही सेठकडे, त्यामुळे सीझन संपला तरी अंगावर बाकी राहतेच.

भट्टीवर एकदा जाऊन बघा. अंधारातच गारा मळायला घेतात, बाप साच्यातून विटा पाडतो, आई गारा वाहते आणि आठ-नऊ वर्षांची पोरगी कडेवर भाऊ घेऊन ओल्या विटा उलटत फिरते, कारण मजुरी हजार विटांवर मिळते आणि तिचे हात धरूनच ते हजार भरतात. अशा पोरीला शाळेचं महत्त्व कोण आणि कसं सांगणार?

श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांनी भट्टीवरच मजुरांच्या पोरांसाठी भोंगाशाळा काढल्या होत्या, म्हणजे मनात आणलं तर होतं. आईबाप कामाला बाहेर गेले तरी मुलं गावात राहून शिकावीत म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजनाही आहे, पण मुलं गावातून गेल्यावर मंजुरी येऊन काय उपयोग, ती घटस्थापनेच्या आधीच यायला पाहिजे, कुठलं कुटुंब जाणार हे गुरुजींना आणि अंगणवाडीताईंना आधीच माहीत असतं.

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन अतिमागास जमातींसाठी नोव्हेंबर 2023 पासून केंद्राची पीएम-जनमन योजना आहे, घरकुलं मंजूर होतायत, चांगलंच आहे. पण कित्येक वाड्या दुसऱ्याच्या नाहीतर फॉरेस्टच्या जागेवर, पिढ्यानपिढ्या राहूनही सातबाऱ्यावर नाव नाही, मग घर बांधायचं कुठे हा प्रश्न उरतोच. तहसीलदार साहेबांनी जागेच्या कागदपत्रांसाठीचा कॅम्प वाडीवर लावावा, आणि तो पावसाळ्यात लावावा, दिवाळीनंतर वाडीत म्हातारी माणसंच भेटतात.

आणि कोरोनाच्या काळात सरकारने आदिवासी कुटुंबांना 4 हजारांची खावटी, म्हणजे पोटापाण्यासाठी मदत, दिली होती, अर्धे पैसे, अर्धं सामान. तशी खावटी दरवर्षी लावणी संपताना घरात आली तर निम्म्या लोकांना उचल घ्यायची वेळच येणार नाही. आदिवासी विकास विभागाने येत्या पावसाळ्यापासून हे सुरू करावं ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सुधागड, जि. रायगड