आधी कान तपासा

महोदय,

माझ्या मुलाला जन्मापासून ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोम आहे. गालांची हाडं जवळजवळ नाहीत, हनुवटी आत गेलेली, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे खाली उतरलेले. कानांची वाढ अर्धवट आणि भोकं बंद. एका शाळेने प्रवेशाच्या वेळी त्याच्याशी एक शब्दही न बोलता त्याला मतिमंद ठरवलं. या विकारात बुद्धीला सहसा धक्का लागत नाही. अडतं ते ऐकण्यापाशी.

गर्भ दोन महिन्यांचाही नसतो, तेव्हाच चेहऱ्याची हाडं घडवणाऱ्या पेशी कमी पडतात. बहुतेकदा टीसीओएफ-१ या जनुकातला बदल त्याला कारण असतो. सुमारे ६० टक्के मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईवडिलांकडून आलेला नसतो. गरोदरपणी आईने काय खाल्लं, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. हे मला घरच्यांनाच इतकं समजवावं लागलं, की इथे लिहिल्यावाचून राहवत नाही.

तान्हा असताना मी गुणगुणू लागले की तो डोकं माझ्या हनुवटीखाली घट्ट दाबून धरायचा. ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी, त्याचा अर्थ सांगितला. कानाची वाट बंद असली तरी या मुलांचा आतला कान बहुधा शाबूत असतो आणि कवटीच्या हाडातून कंपनं तिथवर पोचतात. डोक्याला मऊ पट्ट्याने बांधायचं श्रवणयंत्र याच तत्त्वावर चालतं. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही, अगदी लहान बाळालाही ते लावता येतं.

तरीही भेटणारे बहुतेक पालक आधी चेहऱ्याच्या ऑपरेशनचं विचारतात. काळजी मला कळते. बाळाला श्वास घेणं किंवा दूध पिणं जमत नसेल तर ते आधी बघावंच लागतं. पण कानाचा बाहेरचा आकार घडवण्याची शस्त्रक्रिया साधारण ६ ते १० वर्षांच्या वयात होते आणि बोलणं त्याच्या कितीतरी आधी घडत असतं. ते वय हातचं गेलं की मूल मागे पडतं, आणि मग लोक त्याचा दोष बुद्धीला देतात.

म्हणून बाळाचा कान बंद दिसला तर पहिल्याच महिन्यात हाडावाटे होणारी बेरा तपासणी, म्हणजे आवाजाला मेंदूपर्यंतच्या नसा प्रतिसाद देतात का ते पाहणारी तपासणी, मागून घ्या. शिक्षकांनाही विनंती आहे: अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवा आणि फळ्याकडे तोंड करून शिकवू नका. ओठ दिसले की त्याला शब्द पकडता येतात.

आपली,
एक आई