अमेरिकेतले जेवण हमरस्त्यावर शोधू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिका पाहून आलेले बरेच जण ‘तिकडे खाण्याचे फार हाल, बर्गर-पिझ्झाखेरीज काही मिळत नाही’ असे सांगतात. मुलाकडे टेक्सासमधील ह्यूस्टनला राहून आल्यावर मला हे मत विमानतळ आणि हमरस्त्यावरील साखळी उपाहारगृहांपुरतेच खरे वाटते.

तेथील बेलेअर बुलेव्हार्डवर दुकानांच्या पाट्या व्हिएतनामी आणि चिनी भाषांतही आहेत. १९७५ नंतर आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांपैकी अनेकांनी मेक्सिकोच्या आखातात कोळंबीची मासेमारी धरली. पुढे शेजारच्या लुइझियाना राज्यातील उकडलेल्या क्रॉफिशला (गोड्या पाण्यातील छोट्या शेवंडीसारखा जीव) याच समाजाने लसूण आणि लोण्याची जोड दिली. क्रॉफिशचे डोके मोडायचे, शेपटी सोलायची आणि बोटे चाटायची, हे चिंबोऱ्या फोडत वाढलेल्या कोकणी माणसाला शिकवावे लागत नाही. ह्यूस्टनहून अडीच-तीन तासांवरील लॉकहार्टमध्ये जर्मन खाटकांच्या दुकानांतून रूढ झालेल्या पद्धतीने ओकच्या धुरावर तासन्‌तास भाजलेले मांस वजनावर विकतात. ताट नाहीच, खाटकाचा तपकिरी कागद, पाव, कच्चा कांदा आणि आंबवलेली काकडी. (शाकाहारी माणसाने मात्र या गावी डबा न्यावा.)

या विविधतेत कायद्यांचाही हात आहे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत बंदी झाली, पण व्यापाऱ्यांना सवलत राहिली. १९१५ मध्ये न्यायालयाने उपाहारगृहाच्या मालकालाही व्यापारी मानल्यावर चिनी खानावळी झपाट्याने वाढल्या. १९६५ च्या कायद्याने देशनिहाय कोटे मोडीत निघाले आणि आशियाची दारे उघडली. न्यू जर्सीतील एडिसनच्या ओक ट्री रोडवर आज डोसा आणि चाट मिळते, ती त्यानंतर आलेल्या भारतीयांमुळे.

खटकले ते एकच. पदार्थपत्रिकेवरील किमतीत वाढप्याची मजुरी जवळजवळ नसतेच. टिपमधून किमान वेतन भरून निघत असेल, तर टेक्साससारख्या राज्यात मालकाने त्याला ताशी २.१३ डॉलर दिले तरी पुरते, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. तेव्हा तिथली टिप ही बक्षिसी नसून पगारच आहे, हे ठाऊक नसल्याने आपली मंडळी शंभर डॉलरच्या बिलावर दोन डॉलर ठेवून उठतात. जाणाऱ्यांनी बिलावर पंधरा ते वीस टक्के धरूनच पदार्थ मागवावेत.

आपला,
एक वाचक, ठाणे