गोदावरीचा धडा मुलांनीच शिकवायचा

ऑस्टिन, टेक्सास

सौ. वहिनींना,
सा. न. वि. वि.

सातवीला गोदावरी शिकवायची आहे ना, मग धडा तुम्ही सांगूच नका. मुलांना एकमेकांना शिकवू द्या. ही पद्धत इथलीच, ‘जिगसॉ’. १९७१ साली वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि धुसफूस चालू होती, तेव्हा इलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी ती ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली.

धड्याचे पाच भाग करा: ब्रह्मगिरीवरचा उगम, गंगापूर धरण, नाशिक शहरातली नदी, नांदूरमधमेश्वरचा बंधारा, खाली मराठवाड्यातलं जायकवाडी धरण. प्रत्येकाची अर्ध्या पानाची चिठ्ठी. ४० मुलांचे पाच-पाचांचे आठ मूळ गट, आणि गटात प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी. मग एकाच चिठ्ठीची मुलं एकत्र बसवा. ती आठ होतात आणि आठांत दोघं-तिघंच बोलतात, म्हणून चार-चारांचे दोन गट पाडा. १० मिनिटं एकट्याने वाचन, २० मिनिटं चर्चा. पुढच्या तासाला मूळ गटात परत, प्रत्येकाला चार मिनिटं, शेवटी पाचही भागांवर छोटी लेखी चाचणी. गुण ज्याचे त्याला. गटाला मिळून दिलेत तर एकच हुशार मूल सगळा भार ओढतं. दोन्ही तास लागूनच घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी गैरहजर राहिलं की त्या गटाचा एक भाग गेलाच.

हमखास फसतं ते असं: मूळ गटात मुलं चिठ्ठी वाचून दाखवतात आणि बाकीची उतरवून घेतात. आपल्या शब्दांत सांगायचा सराव झालेलाच नसतो. म्हणून चर्चेची शेवटची आठ मिनिटं चिठ्ठ्या पालथ्या. प्रत्येकाने दोन मिनिटं सांगायचं, इतरांनी अडवायचं. नंतर हातात फक्त चार शब्द आणि एक आकृती. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला याच आठ मिनिटांचा सर्वांत मोठा आधार होतो.

मुलं तुमच्याकडे धावत येतील. ‘तुमच्यात धरण कुणाकडे आहे? त्याला विचार,’ एवढंच म्हणा. जड जातं, पण तेच करा.

चाचणीत एक प्रश्न असा हवाच, ज्याचं उत्तर एका चिठ्ठीत मावत नाही: पाऊस कमी झाला की नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी का सोडतात? पाण्याच्या समन्यायी, म्हणजे सगळ्यांना न्याय्य वाटा देणाऱ्या, वाटपाचा २००५ चा कायदा जायकवाडीच्या चिठ्ठीत दोन ओळींत घाला, गंगापूरच्या चिठ्ठीत मुद्दाम नको. मग दोघांना एकमेकांचं ऐकावंच लागतं. मुलं हा प्रश्न घरी नेतील, बागाईतदार आजोबांशी वाद घालतील. घालू द्या, पुढच्या तासाची सुरुवात तिथूनच करा.

चिठ्ठ्यांचा कच्चा खर्डा पाठवा, भाषा कुठे जड झाली ते कळवते. दादाला नमस्कार.

तुमची,
धाकटी नणंद