पंचेचाळीसच्या तबकड्या घेताना

चि. रेवास अनेक आशीर्वाद.

मँचेस्टरच्या रेकॉर्ड बाजारात जाऊन नॉर्दर्न सोलच्या जुन्या पंचेचाळीसच्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, तबकड्या घ्यायच्या म्हणतेस. अमेरिकेत कुणी विचारल्या नाहीत आणि इंग्लंडच्या उत्तरेत ज्यांच्यावर रात्र-रात्र नाच झाले, त्या या अमेरिकन सोल गाण्यांच्या तबकड्या. 'ट्विस्टेड व्हील' हा नाचाचा क्लब तुझ्याच शहरातला, दुसरा असाच क्लब विगन कसिनो (१९७३ ते १९८१) तिथून जवळच. ग्लोरिया जोन्सचं 'टेंटेड लव्ह' तुला माहीत आहे ते सॉफ्ट सेल या बँडने १९८१ साली गायल्यामुळे. मूळ गाणं साठच्या दशकातलं, तेही तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेलं. म्हणून दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय तबकडी खाली ठेवू नकोस.

लेबल वाचायच्या आधी तबकडी कशाची आहे ते बघ. अमेरिकेतल्या कित्येक पंचेचाळीस व्हिनाइलच्या नाहीत, स्टायरीन नावाच्या कडक, ठिसूळ प्लास्टिकच्या आहेत. व्हिनाइल दोन साच्यांमध्ये दाबतात, लेबलही त्याच दाबात बसतं. स्टायरीन वितळवून साच्यात सोडतात आणि लेबल नंतर गोंदाने चिकटवतात. म्हणून लेबलाला फुगा आला असेल किंवा कडा सुटली असेल, तर स्टायरीन समज. नखाने हलकेच टिचकी मार. व्हिनाइल मऊ 'थप्प' वाजतं, स्टायरीन कडक 'टक्'. वाकवून मात्र बघू नकोस, स्टायरीन तडकतं.

स्टायरीन नवं असताना सुरेख वाजतं. पण झिजलेल्या सुईने खाच एकदा खरवडली की गायक वरच्या पट्टीत गेला रे गेला, आवाज फाटतो आणि खाली 'सर्रर्र' चालू राहतं. ते धुऊन जात नाही. डीजे गाण्याची सुरुवात पकडायला तबकडी मागे-पुढे फिरवायचे, त्यामुळे पहिले काही सेकंद जास्त खराब असतात. दिव्याच्या तिरप्या उजेडात धर. खाचा राखाडी दिसल्या तर वरून कितीही चकचकीत असो, सोडून दे.

आता बनावट माल. फ्रँक विल्सनचं १९६५चं 'डू आय लव्ह यू' घे. मूळ प्रती बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक २००९ साली २५,७४२ पौंडांना गेली. बाजारात ती वीस पौंडांत दिसली तर हसून पुढे जा. ('एडी फॉस्टर' या खोट्या नावानेही ती निघाली होती.) लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेलं वाच. ही तबकडी काढणाऱ्या मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या बऱ्याच तबकड्या मिशिगनमधल्या ओवोसोच्या कारखान्यात निघत, तिथला 'एआरपी' (अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंग, म्हणजे त्या कारखान्याचं नाव) ठसा यंत्राने उमटवलेला असतो. ठसा हवा तिथे हाताने खरवडलेली अक्षरं दिसली तर शंका घे. बनावट लेबल मूळ लेबलाच्या फोटोवरून छापतात, त्यामुळे गीतकाराच्या नावाची बारीक अक्षरं कडेला फुगलेली दिसतात. सगळ्यात पक्की खूण कानाला कळते: 'टिक' ऐकू येते, पण त्या जागी ओरखडाच नाही. तो ओरखडा ज्या तबकडीवरून नक्कल केली तिचा.

माझं मत विचारशील तर फ्रँक विल्सनची १९७९ची ब्रिटिश प्रत घे, तीही अधिकृतच आहे. केंट या ब्रिटिश कंपनीची १९८२ पासूनची जुन्या सोल गाण्यांची संकलनंही घे. गाणं तेच, पैसे वाचतात.

वाजवताना गोल टोकाची सुई बरी. सुईचा दाब कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या भागाला) ठरवून दिलेल्या मर्यादेत वरच्या बाजूला ठेव. दाब कमी पडला की सुई खाचेत उड्या मारते आणि तीच जास्त नुकसान करते. अमेरिकन पंचेचाळीसचं भोक मोठं, सुमारे ३८ मिमी, तेव्हा मधली चकती जवळ असू दे. ती नीट मधोमध बसली नाही तर सूर डुलतो.

धुवायला अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब. मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पूस, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा, आणि अर्धा तास उभी वाळव. स्टायरीनला अल्कोहोल लावू नकोस, लेबलाला पाणीही लागू देऊ नकोस, गोंद सुटतो.

इकडे आणताना तबकडी पाकिटातून बाहेर काढून पाकिटामागे ठेव, नाहीतर धक्क्याने पाकिटाची शिवण फाटते. दोन्ही बाजूंना पुठ्ठा लाव, एकाच्या रेषा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. आणि हातातल्या बॅगेतच आण, सामानाच्या बॅगेत टाकू नकोस.

तुझे
बाबा